बिलीमोऱ्याची लहर: जहाजांचं रेडिओ दिशादर्शन आणि आभाळाचं वेळापत्रक

बिलीमोरा म्हटलं की वडोदऱ्याच्या जुन्या मराठी घरांत तीन गोष्टी हमखास निघतात. गायकवाडी राज्याचा नवसारी प्रांत, अंबिका नदी, आणि डांगातलं सागवान आणणारी वघईची छोटी गाडी. चौथी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात अरबी समुद्रातल्या जहाजांना बिलीमोऱ्याचं नाव एका वेगळ्याच कारणाने माहीत होतं. लोरान-सी नावाच्या रेडिओ दिशादर्शन पद्धतीची एक साखळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उभी होती आणि तिच्या तीन केंद्रांपैकी एक बिलीमोऱ्याला होतं. मुख्य केंद्र ध्रांगध्राला, दुसरं वेरावळला, तिसरं बिलीमोऱ्याला. म्हणजे एक जुनं झाला राजपुतांचं संस्थान, एक जुनागढच्या नवाबाचं बंदर आणि एक गायकवाडांचं गाव. साखळीचं नाव मात्र ‘मुंबई’, आणि क्रमांक ६०४२. या क्रमांकाचा अर्थ असा की केंद्रं दर ६०,४२० मायक्रोसेकंदांनी आपापले स्पंद पुन्हा पाठवत. नाव मुंबईचं असलं तरी तिन्ही ठिकाणं आजच्या गुजरातेत, ही त्यातली गंमत.

जहाजावरचं यंत्र या तीन ठिकाणांहून येणारे रेडिओ स्पंद ऐकायचं, ते किती अंतराने पोचले हे मोजायचं आणि त्यावरून जहाज कुठे आहे ते काढायचं. उपग्रह नव्हते किंवा नुकते येत होते, तेव्हा हा मोठा आधार होता. पुढे जीपीएस स्वस्त झालं, घराघरांत आणि खिशाखिशांत आलं, आणि लोरानकडे लोक ‘पर्यायी’ म्हणून बघू लागले.

पर्यायी साधन म्हणजे दुसरा साक्षीदार. पहिला गप्प बसला किंवा खोटं बोलू लागला की याला बोलवायचं. पण कोर्टात असतो तोच प्रश्न इथेही आहे: या साक्षीदारावर विश्वास कधी ठेवायचा? रेडिओच्या बाबतीत याचं उत्तर यंत्रात कमी आणि आभाळात जास्त आहे. सूर्यास्त, ऋतू, पाऊस, वीज, वारा, सूर्यावरची वादळं, या सगळ्यांचा रेडिओ लहरींवर परिणाम होतो. पण तो परिणाम बहुतेक वेळा बेशिस्त नसतो, त्याला वेळापत्रक असतं. ते वेळापत्रक ज्यांनी लिहून ठेवलं त्यांना रेडिओचा उपयोग झाला. ज्यांना ते ठाऊक नव्हतं, त्यांनी एकतर भलत्या वेळी विश्वास ठेवला किंवा भलत्या वेळी शंका घेतली. या लेखात तोच इतिहास सांगायचा आहे.

रात्री लांब जाणारी हाक

फेब्रुवारी १९०२ मध्ये मार्कोनी ‘फिलाडेल्फिया’ नावाच्या जहाजातून इंग्लंडहून अमेरिकेला निघाला. वाटेत तो कॉर्नवॉलमधल्या पोल्धू केंद्राचे संदेश ऐकत होता. त्याच्या लक्षात आलं की दिवसा साधारण ७०० मैलांच्या पुढे काही ऐकू येत नाही, पण रात्र पडली की तेच केंद्र २,००० मैलांवरही कानी पडतं. यंत्र तेच, केंद्र तेच, फरक फक्त सूर्याचा. त्याच वर्षी अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की वर आभाळात विजेचा वाहक असा एखादा थर असला पाहिजे आणि लहरी त्याला आपटून खाली येत असल्या पाहिजेत. हा थर खरोखर आहे हे डिसेंबर १९२४ मध्ये ॲपलटन आणि बार्नेट यांनी बोर्नमथच्या बीबीसी केंद्राच्या लहरी वापरून दाखवून दिलं. आपण आज त्याला आयनांबर म्हणतो. ॲपलटनला पुढे १९४७ मध्ये नोबेल मिळालं. त्याच वर्षी कलकत्त्याच्या शिशिरकुमार मित्रांचा या विषयावरचा मोठा इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला, हेही आपण लक्षात ठेवायला हवं.

आता यात जहाजाचा संबंध कुठे येतो ते बघू. केंद्रातून निघालेली लहर दोन वाटांनी जहाजापर्यंत पोचते. एक लहर जमिनीला आणि पाण्याला चिकटून सरळ येते. तिला भूलहर म्हणू. दुसरी वर जाऊन आयनांबरावरून परत खाली येते, ती आकाशलहर. घाटात हाक मारली की आधी मूळ आवाज येतो आणि मागून डोंगरावरचा प्रतिध्वनी येतो, तसंच हे. दिवसा आयनांबराचा सगळ्यात खालचा थर मध्यम लांबीच्या लहरी शोषून घेतो, म्हणून प्रतिध्वनी जवळजवळ नसतोच. सूर्य मावळला की तो खालचा थर विरतो, आणि आकाशलहर जोरात येऊ लागते.

संदेश ऐकायला ही चांगलीच गोष्ट. दिशा काढायला मात्र वाईट. त्या काळात दिशा काढायची ती तारेच्या वेटोळ्याने. वेटोळं फिरवायचं, आवाज ज्या कोनात सगळ्यात बारीक होईल त्यावरून केंद्राची दिशा ठरवायची. पण वरून तिरकी येणारी आकाशलहर वेटोळ्याच्या आडव्या बाजूंमध्येही वीज निर्माण करते आणि मग आवाज बारीक होण्याची जागाच सरकते. कधी ती पुसट होते, कधी काही मिनिटांत इकडची तिकडे जाते. खलाशांनी याला ‘रात्रीचा परिणाम’ असं सरळ नाव दिलं. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपास तो सगळ्यात वाईट, कारण तेव्हा आयनांबर स्वतःच बदलत असतं. एकर्सली याने १९२१ मध्ये त्याचं कारण नीट मांडलं. त्याच्याही आधी, १९१९ मध्ये, ॲडकॉक नावाच्या इंग्रजाने आडव्या बाजूंचा हा उपद्रव टाळणाऱ्या उभ्या खांबांच्या अँटेनाचं पेटंट घेतलं होतं. पण ती अँटेना आकाराने मोठी. किनाऱ्यावर ठीक, जहाजाच्या डेकवर अवघड. म्हणून जहाजावरच्या माणसाकडे राहिला एक साधा नियम: संध्याकाळी आणि पहाटे रेडिओच्या दिशेवर शंका घ्या. केंद्र जवळ असेल, मधे पाणीच पाणी असेल, तर मात्र भूलहर जोरात असते. तेव्हा रात्रीही विश्वास ठेवायला हरकत नाही.

नियमाचा हा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा. शंका कधी घ्यायची हे सगळ्यांना सांगता येतं. कधी घ्यायची नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहतं.

होंडा पॉइंट, ८ सप्टेंबर १९२३

याची किंमत काय असते ते अमेरिकी नौदलाला एका रात्रीत कळलं. १४ विनाशिकांचा ताफा सॅन फ्रान्सिस्कोहून दक्षिणेला सॅन डिएगोकडे २० नॉट वेगाने चालला होता. पुढे ‘डेल्फी’ हे जहाज. ताफ्याचे प्रमुख कॅप्टन वॉटसन त्याच्यावर होते आणि मार्ग काढायचं काम लेफ्टनंट कमांडर हंटर यांच्याकडे होतं. किनाऱ्यावर धुकं. आठवड्यापूर्वी, १ सप्टेंबरला, जपानमध्ये मोठा भूकंप झाला होता, आणि समुद्रात नेहमीपेक्षा वेगळ्या लाटा व प्रवाह जाणवत होते.

हंटर यांचा हिशेब वेग, दिशा आणि वेळ यांवर चालला होता. त्या हिशेबाप्रमाणे पॉइंट अर्ग्वेल्लोचं टोक मागे पडलं होतं आणि सँटा बार्बराच्या खाडीत वळायची वेळ झाली होती. किनाऱ्यावर त्याच टोकाला नौदलाचं रेडिओ दिशाशोधक केंद्र होतं. ‘डेल्फी’ने विचारलेल्या दिशेचं उत्तर केंद्राने दिलं. त्याचा अर्थ होता की ताफा अजून टोकाच्या उत्तरेलाच आहे. हंटर यांनी ते मानलं नाही. त्या काळच्या वेटोळ्याला एक खोड होती: ते रेषा सांगायचं, पण लहर त्या रेषेच्या कुठल्या टोकाकडून येते हे सांगायचं नाही. म्हणजे १८० अंशांचा घोळ शक्य होता. रेडिओ नवं, त्याच्या चुका ऐकून माहीत, आणि स्वतःचा हिशेब पाठीशी. पाण्याची खोली मोजून खात्री करता आली असती, पण त्यासाठी वेग कमी करावा लागला असता.

रात्री नऊला ताफा पूर्वेला वळला. पाचेक मिनिटांत ‘डेल्फी’ धुक्यात खडकावर आदळली आणि मागची जहाजं एकामागून एक तिथेच गेली. सात विनाशिका गेल्या, २३ खलाशी मरण पावले. लष्करी न्यायालयात वॉटसन आणि हंटर दोषी ठरले. वॉटसन यांनी ताफ्याची सगळी जबाबदारी स्वतःवर घेतली, म्हणून त्यांच्याबद्दल पुढेही आदराने लिहिलं गेलं.

त्या रात्री रेडिओ खरं बोलत होता. वेळ रात्रीची होती, पण केंद्र जवळ होतं आणि मधे समुद्र होता. अशा अंतरावर भूलहर आकाशलहरीवर सहज मात करते. म्हणजे शंका घ्यायची ती परिस्थिती नव्हती. रेडिओ चुकतो एवढंच माहीत असणं आणि तो कधी चुकतो हे माहीत असणं, यांतल्या फरकापोटी सात जहाजं खडकांवर राहिली.

मुंबईच्या रडारला अरबस्तान दिसलं

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. दुसऱ्या महायुद्धात मुंबईला सैन्याचं २०० मेगाहर्ट्झचं रडार बसवलेलं होतं. रडार हीसुद्धा रेडिओ लहरच. ती सरळ रेषेत जाते, म्हणून क्षितिजापलीकडचं तिला दिसू नये, असा साधा हिशेब. पण उन्हाळ्याच्या दिवसांत या रडारवर समुद्रापलीकडच्या अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी येऊ लागले. हजार मैलांहून दूरचे! पावसाळा सुरू झाला की तेच रडार जेमतेम जवळपासचं बघू शकायचं. रेडिओ लहरींवरच्या युद्धोत्तर पुस्तकांत मुंबईचं हे उदाहरण पुढे नेहमी दिलं जाऊ लागलं.

यात आयनांबराचा हात नाही. कारण अगदी खालच्या, आपण श्वास घेतो त्या हवेत आहे. उन्हाळ्यात जमिनीवरची कोरडी, तापलेली हवा समुद्रावर पसरते. खाली पाण्यालगत थंड आणि दमट हवा, वर गरम आणि कोरडी. या दोन थरांच्या सांध्यावर लहर खाली वाकते, पाण्यावरून वर येते, पुन्हा वाकते, आणि नळातून पाणी जावं तशी शेकडो मैल पुढे जाते. जूनमध्ये नैर्ऋत्येचे वारे आणि पाऊस आले की हवा घुसळून निघते, थर मोडतात, नळ फुटतो.

युद्धात हे गमतीचं वाटलं असेल, पण जहाजाच्या दृष्टीने त्यात एक फसवणूक आहे. रडार एक स्पंद पाठवतं, प्रतिध्वनीची थोडी वाट बघतं आणि पुढचा स्पंद पाठवतं. फार लांबून आलेला जुन्या स्पंदाचा प्रतिध्वनी नव्या स्पंदानंतर पोचला, तर यंत्र समजतं की हा नव्याचाच आहे. मग शेकडो मैलांवरचा डोंगर पडद्यावर दहा-वीस मैलांवर उभा राहतो. जिथे पाणीच आहे तिथे किनारा दिसतो. धुक्यात किंवा धुरळ्यात रडारच्या भरवशावर जहाज नेणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो नसलेल्या किनाऱ्याला घाबरून वाट बदलेल. आपल्या कोळी तांडेलांना एप्रिल-मेची आणि श्रावणातली हवा वेगळी हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. रेडिओवाल्यांना ते रडारने शिकवलं.

चार उत्तरं

होंडा पॉइंटनंतरच्या पन्नास-साठ वर्षांत जहाजांसाठी ज्या रेडिओ पद्धती निघाल्या त्या एका दृष्टीने आभाळाच्या प्रश्नाला दिलेली वेगवेगळी उत्तरं आहेत. त्या एकेक करून बघितल्या तर मजा येते.

पहिलं उत्तर जुन्या लोरानचं, ज्याला पुढे लोरान-ए म्हटलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत ही पद्धत तयार झाली. दोन केंद्रांतून एकाच ठरलेल्या तालात स्पंद निघतात. जहाजावर ते किती अंतराने पोचतात हे मोजलं की नकाशावर एक वक्ररेषा मिळते. दुसऱ्या जोडीची दुसरी रेषा. दोन्ही जिथे छेदतील तिथे जहाज. १.७५ ते १.९५ मेगाहर्ट्झच्या या लहरी दिवसा समुद्रावर सुमारे ७०० सागरी मैल जात. रात्री भूलहर कमी पडे, पण आकाशलहर सुमारे १,४०० मैलांपर्यंत पोचे. इथे शास्त्रज्ञांनी एक धीट गोष्ट केली. आकाशलहरीला शत्रू न मानता त्यांनी तिला मोजलं, आणि खालच्या थरावरून एकदाच परतणारी लहर बऱ्यापैकी स्थिर असते असं त्यांना आढळलं. मग त्यांनी दुरुस्तीचे आकडे नकाशावरच छापून दिले. नॅव्हिगेटरने पडद्यावर स्पंदाचा आकार ओळखायचा, ही भूलहर की आकाशलहर ते ठरवायचं आणि आकाशलहर असेल तर तेवढे आकडे वजा-अधिक करायचे. माणसाचा डोळा हा त्या पद्धतीचा भाग होता.

दुसरं उत्तर ब्रिटिश डेका पद्धतीचं. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीत सुरुंग काढणाऱ्या जहाजांनी ती प्रथम वापरली. ७० ते १३० किलोहर्ट्झच्या अखंड लहरी आणि त्यांच्या पावलांची तुलना. दिवसा, जवळ, ती फार बारीक अचूक होती. पुढे आपल्याकडेही मुंबई आणि कलकत्ता बंदरांसाठी डेकाच्या साखळ्या आल्या. पण अखंड लहरीत एक अडचण: भूलहर आणि आकाशलहर एकमेकींत मिसळून येतात, वेगळ्या काढता येत नाहीत. रात्री घड्याळासारखा काटा गुपचूप एक अख्खा पट्टा पुढे किंवा मागे सरके आणि त्यानंतरचे सगळे आकडे चूक. डेकावाल्यांनी यावर प्रामाणिक उपाय केला. त्यांनी पुस्तकं छापली: भर दिवसा चूक किती, संधिप्रकाशात किती, उन्हाळ्याच्या रात्री किती, हिवाळ्याच्या रात्री किती. म्हणजे साक्षीदाराची खोड त्याच्याच ओळखपत्रावर लिहून दिली. ब्रिटनमधल्या साखळ्या २००० सालच्या वसंतात बंद झाल्या.

तिसरं उत्तर ओमेगाचं, आणि ते सगळ्यात भव्य. लहरी इतक्या लांब, १०.२ किलोहर्ट्झच्या आसपासच्या, की जमीन आणि आयनांबर यांच्यामधली सगळी जागा त्यांना एका बोळासारखी. या बोळातून लहर जगभर जाते. नॉर्वे, लायबेरिया, हवाई, नॉर्थ डकोटा, रियुनियन, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया आणि जपान अशा फक्त आठ केंद्रांत सगळी पृथ्वी बसली. आपल्या हिंदी महासागरात रियुनियनचं केंद्र होतं. पण बोळाचं छत दिवसा सुमारे ७० किलोमीटरवर आणि रात्री ९० किलोमीटरवर. छत वरखाली झालं की लहरीचा वेग बदलतो आणि जहाज होतं तिथून काही मैल सरकल्यासारखं दिसतं. म्हणून तारीख, वेळ आणि जागा यांप्रमाणे दुरुस्तीची कोष्टकं होती. रोजचा बदल कोष्टकात बसला, पण सूर्यावर अचानक मोठी झळ उठली की काही मिनिटांत छत खाली येई, आणि तेव्हा कोष्टक उपयोगाचं नसे. सगळं ठीक असताना अचूकता दोन ते चार सागरी मैल. ३० सप्टेंबर १९९७ ला ओमेगा बंद झाली.

चौथं उत्तर लोरान-सीचं, जी १९५७ पासून वापरात आली. मला विचाराल तर हे सगळ्यात हुशार उत्तर. लहर १०० किलोहर्ट्झची, स्पंदांच्या रूपात. आकाशलहर लांबच्या वाटेने येते, म्हणून ती भूलहरीनंतर निदान ३५ मायक्रोसेकंदांनी पोचते. मग यंत्राने स्पंदाच्या सुरुवातीपासून ३० मायक्रोसेकंदांवरच, म्हणजे तिसऱ्या आवर्तनाला, वेळ वाचायची आणि नंतर जे येईल त्याकडे दुर्लक्ष करायचं. घाटातली हाक प्रतिध्वनी येण्याच्या आत ऐकून घ्यायची! रात्रीच्या परिणामाचा बराचसा उपद्रव या एका युक्तीने संपला.

मुंबई साखळीचा पावसाळा

बराचसा संपला, सगळा नाही. बिलीमोऱ्याकडे परत येऊ. दीपस्तंभांचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याकडे ही साखळी होती. तिची लहर आभाळाला टाळून आली, तरी हवा आणि जमीन तिला टाळता येत नाहीत.

पहिली गोष्ट वेग. रेडिओ लहर निर्वात जागेत जितक्या वेगाने जाते त्यापेक्षा हवेत किंचित हळू जाते, खाऱ्या पाण्यावरून आणखी किंचित हळू, आणि जमिनीवरून सगळ्यात हळू. पाण्यावरचा फरक सूत्राने काढता येतो, कारण समुद्र सगळीकडे जवळपास सारखाच वाहक असतो. जमिनीचा फरक मोजूनच काढावा लागतो. वेरावळ किनाऱ्यावर, बिलीमोरा किनाऱ्याजवळ. त्यांची लहर लगेच पाण्यावर येते. ध्रांगध्रा मात्र आत, कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर. छोटं रण म्हणजे मे महिन्यात भेगाळलेली खारी जमीन आणि ऑगस्टमध्ये उथळ पाण्याचा पसारा. कोरड्या खडकाळ सौराष्ट्रावरून गेलेली लहर आणि ओल्या मिठावरून गेलेली लहर एकाच वेळी पोचत नाहीत, आणि एकच वाट दोन ऋतूंत दोन वेगळ्या वाटा होतात. अशा ठिकाणी जमिनीची दुरुस्ती एकदा काढून कायमची लिहून ठेवता येत नाही.

दुसरी गोष्ट वीज. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, मे-जूनमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आपल्याकडे गडगडाट जोरात असतो. आकाशातली प्रत्येक वीज हे एक रेडिओ केंद्रच, आणि १०० किलोहर्ट्झच्या आसपास ते मोठ्याने बोलतं. जुन्या रेडिओवर वीज चमकली की खरखर यायची ना, तीच. स्पंदाचा आवाज या खरखरीत बुडाला की यंत्र चुकीचं आवर्तन पकडू शकतं. एक आवर्तन चुकलं म्हणजे १० मायक्रोसेकंद, आणि प्रकाश तेवढ्यात तीन किलोमीटर जातो.

तिसरी गोष्ट जहाजाच्या स्वतःच्या डोक्यावरची. मुसळधार पावसाचे थेंब विजेचा भार घेऊन अँटेनावर आपटतात आणि तिथेच खरखर निर्माण करतात. केंद्र बरोबर, लहर बरोबर, आणि कान बधिर.

जून ते सप्टेंबर धूसर हवा, खवळलेला समुद्र, दीपस्तंभ दिसत नाहीत, तारे दिसत नाहीत. म्हणजे दुसऱ्या साक्षीदाराची गरज सगळ्यात जास्त असते नेमकी तेव्हाच आभाळ त्याच्यावर दडपण आणतं. जगातल्या इतर किनाऱ्यांवर धुकं हा शत्रू. आपल्या किनाऱ्यावर शत्रू आणि अडथळा एकाच ढगातून येतात.

उपग्रह आभाळाच्या वर, पण लहर आभाळातूनच

जीपीएस आल्यावर अनेकांना वाटलं की हा सगळा जुना इतिहास संपला. पण उपग्रह वर असला तरी त्याची लहर आयनांबरातून खाली यावी लागते, आणि या बाबतीत आपला देश मोठ्या अवघड जागी आहे. पृथ्वीचा चुंबकीय विषुववृत्त केरळच्या दक्षिण टोकाजवळून जातो. म्हणूनच विक्रम साराभाईंनी थुंब्याची निवड केली आणि २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून पहिलं रॉकेट उडालं. या विषुववृत्तावरचं आयनांबर दिवसा उचललं जातं आणि उत्तरेला व दक्षिणेला दोन्हीकडे ओतलं जातं. त्याचा उत्तरेकडचा दाट पट्टा अहमदाबाद-भोपाळच्या आसपास पडतो. म्हणजे आपल्यापैकी वडोदरा-इंदूरचे वाचक बरोबर त्या पट्ट्याजवळ राहतात. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि सूर्यावर डाग जास्त असतात त्या वर्षांत, इथे उपग्रहाची लहर ताऱ्यासारखी लुकलुकते, कधी तुटतेही. आपल्या गगन यंत्रणेला या आयनांबराचा वेगळा हिशेब करावा लागला तो यामुळेच. मार्कोनीने जे सूर्यास्ताला जहाजावर ऐकलं, तेच शंभर वर्षांनी उपग्रहाच्या लहरीत दिसलं.

आणि याहून मोठी वादळंही येतात. १ आणि २ सप्टेंबर १८५९ ला सूर्याकडून आलेल्या वादळाने जगभरच्या तारायंत्रांत गोंधळ घातला. त्याची सगळ्यात मोलाची नोंद मुंबईत, कुलाबा वेधशाळेच्या वहीत आहे. तिथली चुंबकीय सुई सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरली होती. ही वही अभ्यासकांनी पुन्हा उघडली आणि २००३ मध्ये तिच्यावर शोधनिबंध आला, त्यात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संशोधक होते. विजेच्या ट्रामचा उपद्रव होणार म्हणून हेच निरीक्षण १९०४ मध्ये अलिबागला हलवण्याची सोय झाली आणि तिथे ते आजही चालू आहे. एका वेधशाळेने रोज इमानदारीने आकडे लिहिले म्हणून दीडशे वर्षांनी आपण सांगू शकतो की सूर्य किती रागावू शकतो.

दुसरीकडे माणसांनीही उपग्रहाच्या साक्षीवर हात टाकायला सुरुवात केली आहे. उपग्रहाची लहर जमिनीवर पोचते तेव्हा फार क्षीण असते, लहानशा यंत्रानेही ती दाबता येते. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये फ्लॅम्बरो हेडजवळ ‘पोल स्टार’ जहाजावर मुद्दाम असा प्रयोग केला, तेव्हा यंत्रांनी निमूटपणे खोटी जागा दाखवली. एप्रिल २०१६ मध्ये कोरियात उत्तरेकडून झालेल्या जॅमिंगमुळे सुमारे २८० बोटी बंदरात परतल्या. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसेक जहाजांच्या पडद्यावर आपण जमिनीवरच्या विमानतळावर आहोत असं दिसलं.

आणि याच काळात जग जुने साक्षीदार घरी पाठवत होतं. अमेरिकेने फेब्रुवारी २०१० मध्ये लोरान-सी बंद केली, पश्चिम युरोपने २०१५ च्या अखेरीस. आपल्या मुंबई साखळीचाही जमाना संपला. आता पुन्हा शोध सुरू आहे. कोरियाने सुधारित लोरान उभारायला घेतली. बाल्टिक समुद्रात किनाऱ्यावरच्या जुन्या रेडिओ बीकनच्याच लहरींवरून अंतर मोजायचे प्रयोग झाले आहेत. त्या प्रयोगांत सगळ्यात मोठी अडचण कोणती आली? रात्रीची आकाशलहर. १९२१ मध्ये एकर्सलीने जिच्याबद्दल लिहिलं तीच.

जपायचं काय

इतिहासाच्या अभ्यासकांनी यात काय बघायचं, असं कोणी विचारेल. जुनं यंत्र जपणं ठीकच, पण खरं धन यंत्रात नव्हतं. ते दुरुस्तीच्या कोष्टकांत, डेकाच्या त्या रात्र-दिवसाच्या पुस्तकांत, लोरानच्या नकाशावर पेन्सिलीने लिहिलेल्या आकड्यांत, ‘संध्याकाळी साडेसहानंतर विश्वास नको’ अशा एखाद्या खलाशाच्या नोंदीत होतं. मनोरे पुन्हा उभारता येतात. कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी, कोणत्या वाटेवर लहर किती चुकते हे पुन्हा शिकायला मात्र तितकेच पावसाळे लागतात.

सौराष्ट्रापासून मुंबईपर्यंतच्या बंदरांत या पद्धती वापरलेली, केंद्रांवर पाळ्या केलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास आहेत. त्यांतले काही आपल्याच गावांतून निवृत्त होऊन राहत असतील. गायकवाडी काळाची कागदपत्रं आपण कपाटं उघडून शोधतो. तशीच विचारपूस या साखळीबद्दल करायला हरकत नाही: पावसाळ्यात तुम्ही कोणत्या केंद्राचा आकडा सोडून द्यायचात? वीज चमकत असताना किती वेळ थांबायचात? रात्री कशाचा भरवसा धरायचात? कोणाकडे जुनी वही, दुरुस्तीचा नकाशा, पाळीचं रजिस्टर असेल तर ते रद्दीत जाण्याआधी बघायला हवं. कुलाब्याच्या वहीचं मोल कळायला दीडशे वर्षं लागली. बिलीमोऱ्याच्या वहीची गरज त्याआधीच पडायची शक्यता आहे.